लुईस ली फर्मोर

सर लुईस ली फर्मोर (१८ सप्टेंबर १८८० – २४ मे १९५४) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व खनिजवैज्ञानिक होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेत त्यांनी १९०२ ते १९३५ अशी तेहेतीस वर्षे सेवा केली आणि अखेरीस ते तिचे संचालक झाले. आजच्या महाराष्ट्रातील नागपूर व भंडारा आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा व बालाघाट या जिल्ह्यांतून जाणाऱ्या मँगॅनीज पट्ट्याचा पहिला सविस्तर शास्त्रीय अभ्यास त्यांच्या नावावर आहे. या पट्ट्यातील एका तीव्र चुंबकीय खनिजाला त्यांनी व्रेडेनबुर्गाइट हे नाव दिले. ते एकच खनिज आहे की दोहोंचे मिश्रण, हा प्रश्न पुढे ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने सुटला. त्यातील चुंबकीय घटक, म्हणजे मँगॅनीज फेराइट, आज अब्जांश मीटर आकाराच्या कणांच्या रूपात प्रयोगशाळांत तयार केला जातो व प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रातील त्याचे वर्तन प्रकाशाच्याच मदतीने तपासले जाते.

बालपण व शिक्षण

फर्मोर यांचा जन्म लंडनमध्ये एका सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडील बँकेत कारकून होते. भावंडांत लुईस थोरले. शिष्यवृत्तीच्या बळावर त्यांनी कँबरवेल येथील विल्सन्स ग्रामर स्कूलमध्ये शिक्षण घेतले आणि पुढे लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये प्रवेश मिळवला. त्यांचा मूळ ओढा रसायनशास्त्राकडे व धातुविज्ञानाकडे होता. तेथील भूविज्ञानाचे प्राध्यापक जॉन वेस्ली जड यांच्यामुळे ते भूविज्ञानाकडे वळले. रसायनशास्त्राची ही बैठक त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसते. खडकाचे वर्णन करताना ते रासायनिक विश्लेषणाचे आकडे दिल्याखेरीज सहसा थांबत नाहीत.

१९०२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. तेव्हा या संस्थेचे मुख्यालय कलकत्त्यास होते. पावसाळा संपला की अधिकारी तंबू, नकाशे व हातोडे घेऊन आपापल्या मुलखात निघत आणि उन्हाळा कडक झाला की गोळा केलेले नमुने घेऊन परतत. उरलेले महिने प्रयोगशाळेत व लेखनात जात. फर्मोर यांच्या आयुष्याची पुढील अनेक वर्षे याच क्रमाने गेली.

मध्य प्रांतातील मँगॅनीज

पोलाद तयार करताना त्यातील गंधक व ऑक्सिजन यांचा उपद्रव कमी करण्यासाठी मँगॅनीज लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादाचे उत्पादन झपाट्याने वाढले, तसा मँगॅनीज धातुकाचा शोध जगभर सुरू झाला. भारतात विशाखापट्टणम भागात १८९२ च्या सुमारास खाणकाम सुरू झाले. मध्य प्रांतात १८९६ मध्ये एक व्यापारी मंडळ स्थापन झाले व शतक संपता संपता नागपूर जिल्ह्यात प्रत्यक्ष खोदाई होऊ लागली. आजच्या मॉयल या सरकारी कंपनीचे मूळ याच मंडळात आहे. पुढील दहा वर्षांच्या आत भारत हा रशियाच्या जोडीने जगातील अग्रगण्य मँगॅनीज उत्पादक देश बनला. एवढ्या वेगाने वाढलेल्या धंद्याची शास्त्रीय माहिती मात्र तुटपुंजी होती. सर्वेक्षणातील पी. एन. दत्त यांनी १८९० च्या दशकात या भागात पाहणी केली होती. पण साठे कसे तयार झाले, ते किती खोल जातात आणि कोठे संपतात, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. हे काम तरुण फर्मोर यांच्याकडे आले.

त्या वेळचा भंडारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. १९९९ मध्ये वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तेव्हा त्याचाच भाग होता. मँगॅनीजच्या दृष्टीने मात्र जिल्ह्याचा उत्तरेकडील तुमसरचा परिसर महत्त्वाचा. चिखला, सीतासावंगी, कुरमुडा, डोंगरी बुजुर्ग ही गावे याच पट्ट्यात आहेत. भातशेतीच्या सपाट प्रदेशातून मध्येच उठलेल्या, काळपट माथ्याच्या लांबट टेकड्या हे येथील साठ्यांचे वैशिष्ट्य होते. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला व कठीण धातुक मागे उरले. सुरुवातीच्या काळात खाणकाम म्हणजे टेकडी वरून खाली फोडत नेणे एवढेच होते. मजूर हातोड्याने धातुक फोडत, निवडत आणि टोपल्यांनी वाहून नेत. त्यांत गोंड व इतर स्थानिक समाजांचे स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने होते. धातुक बैलगाडीने व पुढे रेल्वेने बंदरापर्यंत आणि तेथून युरोप-अमेरिकेतील भट्ट्यांकडे जाई.

फर्मोर यांनी या साठ्यांची गावोगाव पाहणी केली. त्यांच्या लक्षात आले की धातुकाच्या थरांबरोबर जवळजवळ सर्वत्र एक विशिष्ट खडक आढळतो. स्पेसार्टाइट हे मँगॅनीजयुक्त गार्नेट आणि क्वॉर्ट्झ यांचा तो बनलेला असतो. या खडकाला त्यांनी येथील गोंड लोकांवरून गोंडाइट असे नाव दिले. हे नाव आजही जगभरच्या भूविज्ञानात वापरात आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील तशा खडकांनाही गोंडाइटच म्हणतात. खाणींत राबणाऱ्या गोंड मजुरांपैकी एकाचेही नाव संशोधनाच्या इतिहासात आले नाही. त्यांच्या जमातीचे नाव मात्र असे पाठ्यपुस्तकांत पोहोचले.

गोंडाइटच्या साक्षीवरून फर्मोर यांनी असे मांडले की हे थर मुळात पाण्याच्या तळाशी साचलेल्या मँगॅनीजयुक्त गाळाचे आहेत. पुढे भूकवचातील दाब व उष्णता यांमुळे त्यांचे रूपांतरण झाले. वाळूमिश्रित गाळापासून गोंडाइट झाला व शुद्ध गाळापासून धातुक. हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. धातुक हे पृष्ठभागावर हवापाण्याच्या क्रियेने तयार झालेली साय असेल, तर टेकडी फोडून संपली की खाण संपली. ते मूळ थराचाच भाग असेल, तर थराबरोबर ते खोलवर जाणार आणि भूमिगत खाणीत पैसा घालणे शहाणपणाचे ठरणार. पुढील शतकाने दुसऱ्या पक्षाला कौल दिला. चिखला येथे भूमिगत खाणकाम आजही चालते. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण तर विद्युत्‌घटांसाठी लागणाऱ्या मँगॅनीज डायऑक्साइडसाठी प्रसिद्ध झाली.

१९०९ चा ग्रंथ

या सर्व पाहणीचे फलित म्हणजे १९०९ मध्ये सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेचा ३७ वा खंड म्हणून प्रसिद्ध झालेला, भारतातील मँगॅनीज धातुकांच्या साठ्यांविषयीचा ग्रंथ. चार भागांत विभागलेल्या या ग्रंथाची पृष्ठसंख्या १,३०० च्या घरात जाते. खनिजे, भूविज्ञान, अर्थकारण व प्रत्येक साठ्याचे स्वतंत्र वर्णन असा त्याचा पसारा आहे. भंडारा जिल्ह्यातील साठ्यांचीही गाववार नोंद त्यात सापडते. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकाचे वय एकोणतीस होते. त्याच सुमारास लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली.

ग्रंथातील सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. आंध्रच्या किनारपट्टीतील साठ्यांशी संबंधित खडकांना त्यांनी कोडुराइट असे नाव देऊन ते शिलारसापासून बनले असल्याचे मत मांडले होते. त्यावर लवकरच टीका झाली, त्यांनी स्वतःही त्या मताला मुरड घातली आणि नंतरच्या संशोधकांनी तेथेही मूळ गाळाचीच कल्पना अधिक ग्राह्य मानली. मध्य प्रांताच्या बाबतीत मात्र त्यांचा आराखडा बऱ्याच अंशी कायम राहिला. या पट्ट्यातील खडकांच्या मालिकेला तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातील सौसर या ठिकाणावरून मिळालेले सौसर हे नावही आज रूढ आहे.

नवी खनिजे

मध्य भारतातील मँगॅनीज साठ्यांनी फर्मोर यांच्यासमोर अनेक अनोळखी खनिजे ठेवली आणि त्यांनी त्यांना नावे दिली. झाबुआ संस्थानातील काजलीडोंगरी येथील एका खनिजाला सर्वेक्षणाचे तत्कालीन संचालक टी. एच. हॉलंड यांच्यावरून हॉलंडाइट, तर तेथीलच निळसर अँफिबोलाला ते शोधणाऱ्या विंच यांच्यावरून विंचाइट ही नावे मिळाली. नागपूर जिल्ह्यातील काचरवाही येथील पायरॉक्सिनाला ब्लॅनफर्डाइट, एका अँफिबोलाला आपल्या गुरूंवरून जडाइट आणि छिंदवाड्यातील सीतापार गावावरून आणखी एका खनिजाला सीतापाराइट, अशी ही यादी वाढत गेली. यांतील बहुतेक नावे इंग्रज सहकाऱ्यांची आहेत. सर्वेक्षणात ज्येष्ठ असलेले प्रमथनाथ बोस यांना डावलून हॉलंड यांची संचालकपदी नेमणूक झाली ती १९०३ मध्ये, म्हणजे फर्मोर रुजू झाल्यानंतर वर्षभरातच. त्या काळच्या संस्थेचे वातावरण या नावांतूनही कळते.

या खनिजांपैकी काहींची ओळख पटली ती प्रकाशामुळे. खडकाची चकती घासून इतकी पातळ करतात की तिच्यातून प्रकाश आरपार जातो. मग ती ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवतात. काही खनिजे अशा वेळी दिशेनुसार रंग बदलतात. ब्लॅनफर्डाइट एका दिशेने गुलाबी व दुसऱ्या दिशेने आकाशी निळे दिसते. हे दृश्य फर्मोर यांना विशेष मोहवणारे वाटले असावे, कारण त्यांच्या वर्णनांत रंगांच्या छटांना मोठी जागा आहे. मात्र खनिजाला नवे नाव देण्यास रंग पुरेसा नसतो, हे पुढे स्पष्ट झाले. ब्लॅनफर्डाइट व जडाइट ही स्वतंत्र खनिजे म्हणून आज मान्य नाहीत. ज्ञात खनिजांत मँगॅनीज शिरल्यामुळे झालेले ते प्रकार आहेत. हॉलंडाइट मात्र टिकले, एवढेच नव्हे तर खनिजांच्या एका गटालाच ते नाव मिळाले. हॉलंडाइटच्या स्फटिकात बोगद्यासारख्या पोकळ्या असतात. त्यांत सीझियमसारखे मूलद्रव्य अडकवून ठेवता येते, म्हणून किरणोत्सारी कचरा साठवण्याच्या संशोधनात या रचनेचा विचार होतो.

व्रेडेनबुर्गाइटचा प्रश्न

नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी आणि विशाखापट्टणम भागातील गरीविडी येथे फर्मोर यांना काशाच्या रंगाची झाक असलेले, लोहचुंबकाकडे जोराने ओढले जाणारे एक मँगॅनीज-लोह ऑक्साइड आढळले. मँगॅनीजची नेहमीची धातुके, म्हणजे ब्राउनाइट, पायरोलुसाइट, सिलोमेलेन, अशी वागत नाहीत. रासायनिक विश्लेषण कोणत्याही ज्ञात खनिजाशी जुळेना. त्यांनी सर्वेक्षणातील सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबुर्ग यांच्यावरून त्याला व्रेडेनबुर्गाइट हे नाव दिले.

धातुकांची खनिजे बहुधा अपारदर्शक असतात. कितीही पातळ चकती केली तरी त्यांच्यातून प्रकाश जात नाही, त्यामुळे फर्मोर यांच्या काळचा नेहमीचा सूक्ष्मदर्शक येथे हतबल होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत निराळी पद्धत रूढ झाली. धातुकाचा तुकडा आरशासारखा चकचकीत करायचा, त्यावर वरून ध्रुवित प्रकाश टाकायचा आणि परावर्तित प्रकाशाचे निरीक्षण करायचे. या पद्धतीने व्रेडेनबुर्गाइट पाहिले तेव्हा जे एकजिनसी वाटत होते त्यात बारीक पट्ट्यांची जाळी दिसली. एका घटकाचा स्फटिक घनाकृती असल्याने तो एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये फिरवला तरी काळाच राहतो. हा जेकबसाइट. दुसरा चतुष्कोणीय, म्हणून नमुना फिरवताना आळीपाळीने उजळतो व मावळतो. हा हाउसमनाइट. जे. ए. डन यांनी १९३६ मध्ये भारतीय मँगॅनीज धातुकांचा असा सूक्ष्मदर्शकीय अभ्यास प्रसिद्ध केला. १९४३ मध्ये ब्रायन मेसन यांनी लोह व मँगॅनीज यांच्या ऑक्साइडांचा एकत्रित विचार करून या मिश्रणाचे कोडे उलगडले. उच्च तापमानाला दोन्ही ऑक्साइडे एकाच स्फटिकात सुखाने नांदतात. खडक थंड होऊ लागला की ती एकत्र राहू शकत नाहीत आणि मूळ स्फटिकाच्या ठरावीक प्रतलांना धरून पट्ट्यांच्या रूपाने विलग होतात. सीतापाराइट हेही आधीच ज्ञात असलेले बिक्सबायाइटच असल्याचे मेसन यांनी १९४२ मध्ये दाखवले होते.

फर्मोर चुकले असे यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे विश्लेषण बरोबर होते आणि चुंबकत्वाचे निरीक्षणही बरोबर होते. पट्ट्या पाहण्याचे साधन तेवढे त्यांच्याजवळ नव्हते. हाउसमनाइट नेहमीच्या तापमानाला लोहचुंबकाकडे विशेष आकर्षिले जात नाही. बेलडोंगरीच्या तुकड्याला चुंबकाकडे ओढणारा घटक होता तो जेकबसाइट.

चुंबकीय कण आणि प्रकाश

जेकबसाइट म्हणजेच निसर्गात आढळणारा मँगॅनीज फेराइट. त्याची रचना मॅग्नेटाइटसारखी असते. मॅग्नेटाइटमधील काही लोहाची जागा मँगॅनीजने घेतलेली असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत त्याचे चुंबकत्व टिकते. हाच पदार्थ रासायनिक पद्धतीने सुमारे १० नॅनोमीटर आकाराच्या कणांच्या रूपात तयार करून द्रवात तरंगत ठेवता येतो. इतक्या लहान कणात एकच चुंबकीय क्षेत्रखंड असतो, त्यामुळे प्रत्येक कण एक स्वतंत्र चुंबक बनतो.

अशा द्रवाभोवती दिशा बदलत राहणारे, म्हणजे प्रत्यावर्ती, चुंबकीय क्षेत्र निर्माण केले की कणांचे चुंबकत्व त्यामागे वळू लागते. ते दोन प्रकारे वळते. कण जागच्या जागी राहतो व त्यातील चुंबकत्वाची दिशा तेवढी फिरते, किंवा संपूर्ण कणच द्रवात फिरतो. पहिल्या प्रकाराशी लुई नील यांचे, तर दुसऱ्याशी रॉबर्ट ब्राउन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गतीचे नाव जोडले जाते. क्षेत्र फार वेगाने बदलू लागले की चुंबकत्व मागे पडते आणि या पिछाडीमुळे उष्णता निर्माण होते. कर्करोगाच्या गाठीत असे कण सोडून तिला आतून तापवण्याच्या उपचारपद्धतीचा पाया हाच आहे. त्यासाठी पिछाडी नेमकी किती, हे मोजावे लागते.

तारेच्या वेटोळ्याने हे मोजता येते, पण बाहेरून लावलेले प्रबळ क्षेत्रही त्याच वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण करते व कणांचा क्षीण संदेश त्यात बुडू लागतो. प्रकाशाला ही अडचण कमी भासते. मायकेल फॅराडे यांनी १८४५ मध्ये दाखवून दिले होते की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या काचेतून क्षेत्राच्या दिशेने जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचे ध्रुवणप्रतल फिरते. फेराइट कणांच्या द्रवात हे फिरणे मुख्यतः कणांच्या चुंबकत्वाच्या प्रमाणात होते. लेसरचा ध्रुवित किरण पातळ थरातून पाठवून ध्रुवणप्रतलाची डोलणारी गती प्रकाशसंवेदकाने टिपली आणि तिची तुलना क्षेत्राच्या गतीशी केली, की पिछाडीचा कोन मिळतो. द्रव व काच यांच्यामुळे होणारे किरकोळ फिरणे वेगळे मोजून वजा करावे लागते. कण जेलमध्ये घट्ट बसवले तर संपूर्ण कण फिरण्याचा मार्ग बंद होतो, आणि दोन्ही नमुन्यांतील फरकावरून कोणत्या प्रकाराचा वाटा किती हे कळते. कण क्षेत्राच्या दिशेने ओळीत येतात तेव्हा द्रव स्फटिकाप्रमाणे द्विअपवर्तन दाखवतो. हा परिणाम क्विरिनो मायोराना यांनी १९०२ मध्ये, म्हणजे फर्मोर भारतात आले त्याच वर्षी, कलिल लोहाच्या द्रावणात पाहिला होता.

फर्मोर यांचा या भौतिकीशी प्रत्यक्ष संबंध आला नाही. पण बेलडोंगरीच्या धातुकातील पट्ट्या आणि प्रयोगशाळेतील कण एकाच पदार्थाचे आहेत, आणि दोन्हींची ओळख ध्रुवित प्रकाशानेच पटते.

इतर संशोधन

मँगॅनीजनंतर फर्मोर यांनी कोरिया संस्थानातील कोळसा, छिंदवाडा भागातील दख्खन ट्रॅपचे लाव्हाथर आणि उल्का असे विविध विषय हाताळले. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचा १९२५ चा भुसावळविषयक निबंध उल्लेखनीय आहे. भुसावळ येथे कोळशाच्या शोधात खोल वेधन केले गेले होते. कोळसा हाती लागला नाही, पण १,२१७ फुटांपर्यंतचे बेसाल्टचे नमुने मिळाले. ते तपासून फर्मोर यांनी एकावर एक साचलेले २९ लाव्हाथर वेगळे ओळखले. दख्खनचे पठार एकाच प्रचंड उद्रेकाने नव्हे, तर वारंवार झालेल्या उद्रेकांनी उभे राहिले, हे सरासरी ४० फूट जाडीच्या या थरांमुळे आकड्यांत दिसले.

गार्नेट हे दाबाचे निदर्शक मानता येईल, ही त्यांची १९१० च्या दशकातील कल्पना काळाच्या पुढे होती. पृथ्वीच्या कवचाखाली गार्नेटयुक्त, जड अशा एक्लोजाइट खडकाचे कवच असावे, असे त्यांनी त्यावरून सुचवले. निवृत्तीच्या सुमारास द्वीपकल्पीय भारतातील अतिप्राचीन खडकांची परस्पर सांगड घालणारा विस्तृत प्रबंध त्यांनी हाती घेतला. तो सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

संस्थात्मक कार्य व सन्मान

१९१९ मध्ये त्यांना ओबीई हा किताब मिळाला. १९३३ मध्ये पाटणा येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले आणि १९३५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

भारतासाठी एक राष्ट्रीय विज्ञान अकादमी असावी, ही सूचना मेघनाद साहा यांनी १९३४ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये पुढे आणली. त्यासाठी नेमलेल्या समितीचे नेतृत्व फर्मोर यांच्याकडे होते. समितीची दिशा न पटल्याने चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळूर येथे स्वतंत्र अकादमी स्थापन केली, आणि जानेवारी १९३५ मध्ये कलकत्त्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली. फर्मोर तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० मध्ये तिचे नाव भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी असे झाले. साहा आणि रामन या दोन मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांच्या वादात तडजोडीचा माणूस म्हणून एका इंग्रज भूवैज्ञानिकाची निवड होणे, ही त्या काळातील एक वेगळीच घटना होती.

व्यक्तिगत जीवन व अखेर

१९०९ मध्ये त्यांचा विवाह म्युरिएल अँबलर यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा झाला. पुढे पतिपत्नी विभक्त झाले. मुलगा पॅट्रिक ली फर्मोर (१९१५–२०११) हा इंग्लंडमध्ये वाढला व प्रवासवर्णनकार म्हणून वडिलांपेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध झाला. वडील भारतात व मुलगा इंग्लंडात, अशी दोघांची भेट क्वचितच होई.

निवृत्तीनंतर फर्मोर यांनी मलायातील खाण उद्योगाची पाहणी करून त्यावर अहवाल लिहिला. २४ मे १९५४ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. सीतापार येथील एका आर्सेनिकयुक्त खनिजाला १९१० मध्येच जी. टी. प्रायर व जी. एफ. हर्बर्ट स्मिथ यांनी फर्मोराइट असे नाव दिले होते.